सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे

तुरुंगातल्या कैद्यांच्या उपचारांचा विषय काढला की "गुन्हा केलाय ना, मग भोगू दे की" असं लोक म्हणतात. राग समजतो मला, पण कोर्टानं शिक्षा दिली ती कैदेची, उपचारांविना मरायची नाही. संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे नेल्सन मंडेला नियम (खुद्द मंडेलांना १९८८ मध्ये कैदेतच टीबी झाला होता) स्पष्ट सांगतात की बाहेरच्याला ज्या दर्जाचे उपचार मिळतात तेच कैद्यालाही मिळाले पाहिजेत, तेही फुकट.

पण मला खरी काळजी वाटते ती सुटकेनंतरची. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या तीस हजारांवर कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये छापून आला, त्यात पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका तिथल्या इतर लोकांच्या १२.७ पट निघाला!! सगळ्यात मोठं कारण ओव्हरडोस. आत असताना नशा सुटते किंवा कमी होते, शरीराची सवय मोडते, बाहेर आल्यावर माणूस पूर्वीइतकाच डोस घेतो आणि तो झेपत नाही. हे डॉक्टरांना आधीपासून माहीत असतं हो, तरी कितीतरी जण गेटबाहेर पडतात तेव्हा जवळ ना गोळ्या, ना केसपेपर, ना कुठल्या दवाखान्यात जायचं त्याची चिठ्ठी. टीबीचा कोर्स असा मध्येच तुटला तर औषधं लागू पडेनाशी होऊ शकतात आणि आजार घरच्यांनाही होऊ शकतो.

आणि घरच्यांचं तर कोणी नावच काढत नाही. बाप आत गेला की पोरांची झोप उडते, शाळेत चिडवतात, आई एकटी कमावते आणि एकटीच लोकांचं ऐकून घेते, यांनी काय गुन्हा केलाय? सुटून आलेल्या माणसाच्या मानसिक आजाराच्या गोळ्या सांभाळायच्या पुन्हा यांनीच, आणि गोळ्या बंद झाल्या तर काय होतं हे त्यांना कुणी बसून सांगितलेलं नसतं. त्याची परवानगी घेऊन सुटकेच्या आधीच डॉक्टरांनी घरच्यांशी बोलायला काय हरकत आहे? भेटीच्या दिवशी मुलांसाठी एक समुपदेशक बसवता येत नाही का?

नॉर्वेनं १९८८ मध्येच तुरुंगातली आरोग्यसेवा तुरुंग खात्याकडून काढून नगरपालिकांकडे दिली, इंग्लंडमध्येही ती २००६ पर्यंत एनएचएसकडे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेकडे आली. मला हे मनापासून पटतं, कारण डॉक्टरचा साहेब जेलर असला की पेशंटही मोकळेपणानं बोलत नाही. सुटकेची तारीख बहुतेक वेळा आधी कळलेली असते, मग दवाखान्याची अपॉइंटमेंट आणि महिन्याभराच्या गोळ्या त्याच तारखेला तयार ठेवा ना.