वाय गेलं तरी नर राहतो
‘वाय गुणसूत्र झिजतंय, म्हणजे पुरुषही संपणार’ हा वाय गुणसूत्रावरच्या लेखातला निष्कर्ष पटला नाही. झीज खरी आहे. नर ठरवणारं वाय फक्त बापाकडून मुलाकडे जातं, बहुतांश लांबीत त्याची जोडीदार एक्स गुणसूत्राशी डीएनएची देवाणघेवाण होत नाही, त्यामुळे बिघडलेली जनुकं गाळली जाण्याची संधीच कमी. पण जपानच्या अमामी बेटावरच्या काटेरी उंदरांमध्ये वाय पूर्ण नाहीसं झालंय, एरवी वायवर राहून गर्भाला नर बनवणारं, १९९० साली ओळखलं गेलेलं एसआरवाय जनुकही नाही, तरी नर जन्मतातच! २०२२ मध्ये त्यामागचा धागा सापडला: वृषण घडवणाऱ्या सॉक्स९ जनुकाजवळचा डीएनएचा एक तुकडा नरांमध्ये एका गुणसूत्रावर दुप्पट झालेला असतो. एरवी लिंगाशी संबंध नसलेलं एक साधं गुणसूत्र लिंग ठरवू लागलंय, हे केवढं विलक्षण आहे! यावर लेखात एक परिच्छेद तरी हवाच होता. शिवाय झीज ही फक्त नरांची गोष्ट नाही: बहुतेक पक्ष्यांमध्ये तर डब्ल्यू हे झिजलेलं लिंग-गुणसूत्र मादीकडे असतं.