लेहचे १२.८ मिलिमीटर

पावसाळ्यात हा मेसेज हमखास येतो: “६ ऑगस्ट २०१० ला लेहच्या पर्जन्यमापकात फक्त १२.८ मिमी पाऊस होता. तेवढ्यात दोनशेहून जास्त माणसं वाहून जातात? ढगफुटी परदेशाने घडवली, नाहीतर हिमसरोवर फुटलं. पुराची मॉडेलं म्हणजे थापा.” २०२२ मध्ये तेलंगणचे तत्कालीन मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनीही असा परकीय हात जाहीर भाषणात सुचवला होता. त्यातही लेह होतंच.

आकडा खरा आहे. पण तो खोऱ्याच्या तळाशी असलेल्या एका मापकाचा, चोवीस तासांचा. डोंगरातला वादळी ढग काही किलोमीटरच्या पट्ट्यात ओततो. कोथरूड भिजतं तेव्हा हडपसर कोरडं असतं, हे पुणेकराला वेगळं सांगायला नको.

आता गणित. समजा, १० चौरस किलोमीटरचं पाणलोट आहे. दिवसभरात १२.८ मिमी पडून सगळं वाहिलं, तरी ओढ्याला सेकंदाला सरासरी दीड घनमीटर पाणी. तिथेच अर्ध्या तासात ७५ मिमी पडू द्या (काही अभ्यासकांचा त्या रात्रीचा अंदाज साधारण असाच आहे). निम्मं मुरलं तरी सेकंदाला दोनशे घनमीटर! उघड्या, झाडझुडूप नसलेल्या उतारावर जमीन तुडुंब भरायची वाट पाहावी लागत नाही. मुरण्याच्या वेगापेक्षा पाऊस जोरात पडला की पाणी सुटतं. येताना ते हिमनद्यांनी टाकलेली माती-धोंडे उचलतं. लेहजवळच्या चोगलमसरमध्ये घरं गाडली ती या चिखल-धोंड्यांच्या राड्याने.

हिमसरोवर? सरोवर फुटलं तर त्याच्याखालचं एक खोरं धुऊन निघतं, जसं २०१४ मध्ये लडाखच्याच ग्या गावात झालं. इथे लेह, साबू, फ्यांग, निमू अशा वेगवेगळ्या नाल्यांना एकाच रात्री पूर आला.

परकीय हात? कृत्रिम पावसालाही मुळात बाष्पाने भरलेले ढग लागतात, आणि त्यातून अशी वादळं उभी करता येत नाहीत. तिबेटच्या पठारावर सलग काही दिवस वादळं तयार होऊन पश्चिमेला सरकत होती, मॉन्सूनचं बाष्प त्यांना मिळत होतं. उपग्रहांना ती दिसलीही.

राहिली मॉडेलं, म्हणजे पाऊस-पुराची संगणकावरची गणितं. दिवसभराची एकच बेरीज घातली तर कुठलंही मॉडेल हा पूर दाखवणार नाही, हे मान्य. निव्वळ पाण्याचं गणित करणारं मॉडेल राड्याचा जोरही कमीच दाखवेल. पण हवामानाचं मॉडेल जमिनीच्या मॉडेलला जोडून संशोधकांनी हे वादळ नंतर संगणकावर उभं केलं आहे. अडचण वरच्या उतारांवर मापक नसण्याची आहे, आणि मेसेज पाठवणारा नेमका त्या एकाच मापकाचा आकडा पुरावा म्हणून नाचवतोय.