राजीनाम्याचा मसुदा आणि एक सही

रविवारी संध्याकाळी कट्ट्यावर भावी मालकाने मोबाइल पुढे केला. स्क्रीनवर राजीनाम्याचा मसुदा. चार ओळी आणि शुद्धलेखनाच्या तीन चुका. 'भावी मालक' हे नाव आमचंच, कारण गेली पाच वर्षं हा माणूस 'पुढच्या वर्षी स्वतःचं काहीतरी काढतो' म्हणतोय. या वेळी मात्र कुणी हसलं नाही. मसुदा लिहिण्यापर्यंत तो याआधी कधी गेला नव्हता.

"उद्या पाठवतो," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या घड्याळावर चालून कंटाळा आलाय."

"स्वतःच्या घड्याळातही बारा वाजतातच," सीए म्हणाला. हा खरोखरच सीए आहे. दिवसभर लोकांचे ताळेबंद बघून बघून त्याचा माणुसकीवरचा विश्वास जरा उडालाय.

मास्तरांना तेवढंच निमित्त पुरतं. ते अर्थशास्त्र शिकवतात. "कँटिलॉन ऐकलाय? रिचर्ड कँटिलॉन. त्याचं लिखाण १७५५ मध्ये छापून आलं, तो गेल्यानंतर. त्याच्या हिशेबाने उद्योजक कोण? जो ठरलेल्या भावाने घेतो आणि न ठरलेल्या भावाने विकतो. आता सांग, यात स्वातंत्र्य कुठे आलं?"

"विकायचं कुणाला ते मी ठरवणार ना!"

"ते गिऱ्हाईक ठरवतं," सीए म्हणाला, आणि लगेच आकड्यांवर आला. अमेरिकेच्या कामगार आकडेवारी खात्याच्या नोंदी वर्षानुवर्षं जवळपास तेच सांगतात: नव्याने उघडलेल्या पाच धंद्यांतला एक वर्षभरही टिकत नाही आणि पाच वर्षांत साधारण निम्मे उरतात.

"बंद पडला म्हणजे बुडाला असं नाही हं," मॅडम मध्येच म्हणाल्या. मॅडमचं छोटं वर्कशॉप आहे. आमच्यात धंदा करून टिकलेल्या त्या एकट्याच, त्यामुळे त्या बोलायला लागल्या की आम्ही जरा गप्प बसतो. "कुणी वेळेत आवरतं घेतं, कुणी थकतं, कुणाला बरी नोकरी मिळते. सगळ्यांना एकाच तिरडीवर नका बांधू."

"बरं, जे टिकतात त्यांचं बोलू," सीए हटेना. "बार्टन हॅमिल्टन नावाच्या अर्थतज्ज्ञाने २००० साली हिशेब मांडला होता, अमेरिकेतल्याच लोकांचा. दहा वर्षं धंदा केलेल्या मधल्या माणसाची कमाई, तेवढाच काळ नोकरी करून मिळाली असती त्यापेक्षा ३५ टक्के कमी."

मास्तरांनी दुरुस्ती केली की मधला म्हणजे सरासरी नव्हे. मोजके लोक प्रचंड कमावतात आणि सरासरी वर ओढतात. रांगेत बरोबर मध्ये उभा असलेला माणूस मात्र नोकरीवाल्याच्या मागेच राहतो. मग लोक करतात कशाला? हॅमिल्टनचाही निष्कर्ष तोच, की पैशापलीकडचं काहीतरी त्यांना त्यात मिळत असणार.

"मिळतं," मॅडम म्हणाल्या. "एखाद्या गिऱ्हाइकाला तोंडावर 'नाही' म्हणता येतं. एखादं काम मला हवं तसं, हव्या त्या वेळात पूर्ण करता येतं. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आज माझ्यापेक्षा सफाईदार काम करते. नोकरीत असते तर तिला घ्यायचं की नाही हे वरचं कुणीतरी ठरवलं असतं." मग थांबून म्हणाल्या, "पण गेल्या वर्षी तापात पडल्या पडल्या कोटेशन पाठवलं आणि त्यात एक शून्य कमी टाकलं. समोरून दोन मिनिटांत होकार. इतक्या लवकर होकार कुणी देतं का? तेव्हाच कळायला हवं होतं."

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत, म्हणून आम्हीही थांबलो. नोकरीत ताप आला की रजा टाकता येते, ही गोष्ट मला पहिल्यांदाच मोठी वाटली.

"माझं चालणार. शंभर टक्के," भावी मालक म्हणाला.

"तुझ्यासारखे एक तृतीयांश असतात," मास्तर म्हणाले. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे तीन हजार नव्या उद्योजकांना यशाची खात्री किती, असं विचारलं होतं. ८१ टक्के म्हणाले, दहात सात किंवा त्याहून जास्त. ३३ टक्के तर दहात दहा! मला विचाराल तर एवढा फाजील आत्मविश्वास नसता तर अर्धी दुकानं उघडलीच नसती. पण हे मी तिथे बोललो नाही. मी नोकरदार, माझं कोण ऐकतं?

मी फक्त नोकरी न सोडता सुरुवात करण्याचा विषय काढला. १९७६ मध्ये ॲपल सुरू झाली तेव्हा तिचा एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्निॲक ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत नोकरीला होता आणि नंतरही काही महिने तिथेच राहिला. भावी मालकाने हात झटकला. "दोन डगरींवर पाय नकोत." बरं, राहिलं.

"आणि मी लिमिटेड कंपनी काढतोय," तो पुढे म्हणाला. "बुडाली तर कंपनी बुडेल. मी नाही."

इतका वेळ शेठ कोपऱ्यात शेंगेचं टरफल नखाने सोलत होता. चार वर्षांपूर्वी त्याचा कारखाना बंद झाला. हल्ली तो नोकरी करतो, नाव मात्र शेठच राहिलं.

"बँकेने वैयक्तिक हमी मागितली तर?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"कर्ज कंपनीला, सही तुझी. कंपनीने नाही फेडलं तर बँक तुझ्याकडे येते. नव्या कंपनीला तारणाशिवाय आणि हमीशिवाय कोण उभं करतं? लिमिटेड हा शब्द पाटीवर राहतो."

"पण तोटा झाला तरच ना?"

"मला तोटा नव्हता," शेठ म्हणाला. त्याने टरफल टाकलं आणि बोटं मोजत सांगू लागला. "महिन्याला शंभराचं बिल. खर्च पंच्याऐंशी. नफा पंधरा. वाईट आहे? पण माल आणि मजुरी रोख, गिऱ्हाईक पैसे देणार नव्वद दिवसांनी. म्हणजे पहिले शंभर हातात यायच्या आधी तीन महिन्यांचे दोनशे पंचावन्न माझे अडकले. पंधरा-पंधरा करून तेवढे उभे करायला किती महिने?"

"सतरा," सीए म्हणाला. त्याने हा हिशेब बहुतेक आधीच केलेला होता, कारण शेठची शेवटची कागदपत्रं त्यानेच पाहिली होती.

"सतरा. आणि आठव्या महिन्यात ऑर्डर दुप्पट झाली. आम्ही जंगी पार्टी केली. मला वाटलं सुटलो. दुप्पट ऑर्डर म्हणजे आणखी दोनशे पंचावन्न! त्यासाठी कर्ज, कर्जासाठी सही. मग सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने नव्वदाचे दीडशे दिवस केले. भांडलो नाही. भांडलो तर ऑर्डर जाते, नाही भांडलो तर पगार थकतात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बंद केला त्या दिवशी ऑर्डर-बुक भरलेलं होतं आणि कागदावर नफा होता."

मॅडमनी हळूच सांगितलं की त्या नव्या गिऱ्हाइकाकडून निम्मे पैसे आधी घेतात आणि त्यापायी निम्मी गिऱ्हाइकं जातात. "जाऊ देत. जे देणारच नव्हते ते लवकर गेले." यावर सीएने मान डोलावली. तासाभरात त्याने पहिल्यांदाच कुणाला दुजोरा दिला.

भावी मालक मोबाइलकडे बघत होता. स्क्रीन काळी झाली होती, तरी बघत होता.

"तुझं गिऱ्हाईक किती दिवसांनी पैसे देणार?" शेठने विचारलं.

"ते... विचारलं नाही अजून."

"उद्या आधी ते विचार. मसुदा नंतर पाठव. तीन चुकाही तोवर दुरुस्त होतील."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग भावी मालकानेच विचारलं, "शेठ, एक सांग. परत करशील?"

"सही नाही करणार."

"म्हणजे धंदा करशील?"

"सही नाही करणार म्हटलं," शेठ म्हणाला आणि शेंगेचं दुसरं टरफल सोलायला घेतलं.