शाळा लागली की लेकरू आजारी पडतं, म्हणून त्याची इम्युनिटी 'खलास' झालेली नसते

मागच्या आठवड्यात सासरच्या ग्रुपवर तिघांनी एकच फॉरवर्ड टाकला, परवा पोराच्या शाळेच्या पालक ग्रुपवर पण तोच आला, म्हणजे जोरात फिरायलाय. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शाळेत घातल्यावर ज्या लेकराला महिन्यातून एकदा-दोनदा सर्दी-ताप येतो त्याची इम्युनिटी खलास झालीय, अशा लेकराला सहा वर्षांपर्यंत घरीच ठेवा, शेंबूड हिरवा दिसला की त्याच दिवशी अँटिबायोटिक चालू करा नाहीतर छातीत उतरतं, दही-केळी बंद, इम्युनिटीचं टॉनिक तीन महिने द्या, आणि आपल्या लहानपणी पोरं अशी आजारी पडत नव्हती. खाली हात जोडलेले चार इमोजी आणि 'प्रत्येक आईपर्यंत पोचवा'.

आता मी काही डॉक्टर नाही. परभणीत राहते, नोकरी करते, पोरगा चार वर्षांचा, गेल्या जूनमध्ये ज्युनियरला घातला. पण या एका वर्षात लेकरांच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर मी इतकी बसलेय की कंपाउंडर आता नाव विचारत नाही, डायरेक्ट केसपेपर काढतो. तिथं जे विचारलं आणि घरी येऊन जे वाचलं त्याच्या जोरावर लिहायलेय.

पहिला मुद्दा, सारखं आजारी म्हणजे इम्युनिटी खलास.

हे वाचून माझ्याही पोटात गोळा आला असता, जर ते कॅलेंडर नसतं. आमच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागं कालनिर्णय आहे, दूधवाल्याच्या खाड्यांसोबत मी त्यावर पेन्सिलीनं पोराचे आजार लिहायला लागले होते, सर्दीला 'स', तापाला 'ता', उलटीला 'उ'. जून ते जानेवारी नऊ वेळा 'स'. नऊ! जानेवारीत ते अख्खं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, गुंडाळलं आणि दवाखान्यात नेलं, म्हटलं आता डॉक्टरांना दाखवूनच देते की काहीतरी मोठं आहे. डॉक्टरांनी एक एक पान उलटलं आणि माझ्या अक्षरांवर नाही, मधल्या कोऱ्या चौकोनांवर बोट ठेवलं. "ताई, ह्या दिवसांत कसा असतो?" मी म्हटलं, ह्या दिवसांत काय, घर डोक्यावर घेतो, गच्चीवरून खाली येत नाही. मग वजन केलं, जूनमध्ये १४.८ होतं ते १६.२ झालं होतं. "मग कायला काळजी करता?" एवढंच.

हिशोबच बघा ना. लहान लेकराला वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होणं नॉर्मल धरतात, आणि जे नुकतंच शाळेत किंवा पाळणाघरात जायला लागलंय त्याला दहा-बाराही होतात. एक सर्दी आठ-दहा दिवस चालते, खोकला तर दोन-तीन आठवडे रेंगाळतो. म्हणजे दहा सर्दी गुणिले दहा दिवस, वर्षातले शंभर दिवस नाक वाहणार, आणि त्यातले बहुतेक पावसाळ्यात आणि हिवाळ्यात, म्हणून पहिली संपायच्या आधी दुसरी लागते आणि आपल्याला वाटतं की एकच दुखणं जूनपासून जाईना गेलंय. ते एक नसतं. सर्दीचा सगळ्यात नेहमीचा व्हायरस म्हणजे रायनोव्हायरस, नुसत्या त्याचेच शंभराच्या वर प्रकार आहेत, त्याशिवाय आरएसव्ही, ॲडिनो, फ्लू हे दुसरे व्हायरस, आणि पावसाळ्यात तोंडात-हातापायावर फोड आणणारा तो कॉक्सॅकी. घरात चार माणसांत वाढलेल्या लेकराच्या शरीरानं हे कुणी बघितलेलेच नसतात. चाळीस लेकरांच्या वर्गात गेलं की एकेकाची ओळख होते, आणि ओळख होणं म्हणजेच ताप येणं, कारण ताप हा शरीर लढायलंय म्हणूनच येतो. त्यात आपल्याकडं शाळा उघडते जूनच्या मध्याला, पावसाच्या तोंडावर, दारं-खिडक्या लावून सगळे एका खोलीत. व्हायरसला अजून काय पाहिजे?

खरंच प्रतिकारशक्तीत गडबड असलेली लेकरं असतात, पण त्यांची लक्षणं वेगळी असतात. वर्षात दोनदा न्यूमोनिया, चार-चारदा कान फुटणं, महिना-दोन महिने अँटिबायोटिक देऊनही फरक नाही, अंगावर खोल गळवं परत परत, वजन वाढतच नाही, किंवा घराण्यात असा आजार आहे. यातलं काही असलं तर फॉरवर्ड वाचत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा.

दुसरा मुद्दा, सहा वर्षांपर्यंत घरी ठेवा, तोवर शक्ती तयार होते.

ज्या गोष्टीची ओळखच झाली नाही तिच्याविरुद्ध शक्ती घरात बसून कशी तयार होईल, हे फॉरवर्डवाल्यानं सांगितलेलं नाही. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टुसॉनला लेकरांना जन्मापासून तेरा वर्षांपर्यंत फॉलो केलेला एक अभ्यास आहे, २००२ साली छापून आला. मोठ्या पाळणाघरात गेलेल्या लेकरांना दोन वर्षांच्या वयात सर्द्या जास्त झाल्या, पण पुढं शाळेच्या वयात घरी राहिलेल्यांपेक्षा कमी झाल्या, आणि तेराव्या वर्षापर्यंत सगळे सारखे. म्हणजे हप्ता आज भरा नाहीतर नंतर भरा. आणि घरात थोरली बहीण शाळेत जायली असेल तर धाकटा घरी बसून वाचतो का? ती दप्तरासोबत सगळं घेऊन येतेच.

तिसरा, हिरवा शेंबूड. याच्यावर मी जरा चिडूनच लिहिणार आहे.

साध्या व्हायरसच्या सर्दीत पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट, पिवळा, हिरवा होतो. तो रंग जंतूंचा नाही, आपल्याच पांढऱ्या पेशी तिथं लढायला येतात त्यांच्यातल्या एका एन्झाइमचा आहे. व्हायरसवर अँटिबायोटिक चालतच नाही. तरी आपल्याकडं काय होतं? मेडिकलवर जायचं, "लेकराला सर्दीचं द्या," तो अझिथ्रो हे अँटिबायोटिक देतो, दोन दिवसांत बरं वाटलं की बाटली फ्रीजमध्ये, आणि पुढच्या वेळी तीच उरलेली. आमच्या शेजारच्या वहिनी तर बाटलीत अर्धं शिल्लक असलेलं घेऊन आल्या होत्या, मायेपोटीच हो, पण पोराला जुलाब लागले असते तर निस्तरलं कुणी असतं? आणि खरी गरज पडेल त्या दिवशी ते औषध लागू पडलं नाही तर?

अँटिबायोटिक कधी लागतं हे पण सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही तर औषधाच्याच विरोधात आहे. दहा दिवस झाले तरी सर्दीत काहीच उतार नाही, किंवा बरं होत आलेलं लेकरू परत तापलं, कान दुखायलाय, घशात टॉन्सिलवर पू आहे, तर डॉक्टर तपासून ठरवतील. आणि खोकल्यापेक्षा श्वास मोजा. लेकरू शांत झोपलेलं असताना शर्ट वर करायचा आणि मोबाइलवर एक मिनिट लावून पोट किती वेळा वर येतं ते मोजायचं. एक ते पाच वर्षांच्या लेकराचा श्वास मिनिटाला चाळीस किंवा त्याच्या वर असेल, फासळ्या आत ओढल्या जायल्या असतील, पाणीसुद्धा पीत नसेल, गळून पडलं असेल, तर रात्रीचे दोन असोत, निघा.

खोकल्याच्या सिरपचं पण इथंच. २०२५ ला मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात वीसहून जास्त लेकरं विषारी सिरपनं गेली, त्यातल्या कित्येकांना आपल्या नागपुरात आणलं होतं. त्यानंतर ऑक्टोबरात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं परत सांगितलं की दोन वर्षांच्या आतल्या लेकराला सर्दी-खोकल्याची सिरपं द्यायचीच नाहीत आणि पाचच्या आत साधारण देऊ नयेत. एक वर्षाच्या वर असेल तर चमचाभर मध द्या, कोमट पाणी द्या. तापाला पॅरासिटामॉल, तेही वजनावर. निमेसुलाइड हे तापाचं दुसरं औषध बारा वर्षांच्या आतल्यांना २०११ पासून बंद आहे, ते अजूनही कुणाच्या डब्यात निघालं तर फेकून द्या.

दही-केळी. सर्दी व्हायरसनं होते, दह्यानं नाही, विषय संपला. आमच्या पोराला सकाळी धपाट्यासोबत दही लागतंच, ते मी बंद केलं तर तो दुसरं काहीच खात नाही आणि आजारातून उठलेल्या लेकराला उपाशी ठेवणं हेच खरं वाईट. नांदेडकडच्या अर्धापूरच्या केळीवाल्यांनी काय पाप केलंय?

टॉनिक. इम्युनिटी ही काही टाकी नाही की वरून ओतलं आणि भरली. ज्यानं खरंच फरक पडतो त्या गोष्टी एवढ्या साध्या आहेत की त्यांचा फॉरवर्ड होत नाही. पाच वर्षांचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, जो बरेच लोक विसरतात कारण सरकारी वेळापत्रकात मधे तीन-साडेतीन वर्षं काहीच लस नसते. फ्लूची लस, बालरोगतज्ज्ञ पाच वर्षांपर्यंत दरवर्षी घ्यायला सांगतात, पैसे पडतात हे खरं आहे. फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या १० तारखेला अंगणवाडीत-शाळेत जंताची गोळी मिळते, फुकट, ती 'आमच्या लेकराला गरज नाही' म्हणून नाकारू नका. रक्त तपासा, २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत देशातल्या पाचच्या आतल्या ६७ टक्के लेकरांना ॲनिमिया (रक्त कमी असणं) निघालाय, म्हणजे तुमच्या-आमच्या घरातच आहे. रात्रीची झोप. आणि घरात बिडी-सिगरेट ओढणाऱ्या मोठ्या माणसाला गच्चीवर पाठवणं, हे सगळ्यात अवघड, कारण तो माणूस बहुतेक सासरेच असतात.

हात धुवा हे सगळेच सांगतात. बरोबरच आहे. पण आपल्याकडं नळ आठवड्यानं येतो हो, २०१६ ला तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. वर्गाबाहेर बेसिन आहे, नळ आहे, साबणदाणी पण आहे, नळाला पाणी नाही, तर लेकरू धुणार कशानं? इथं पालकांनी मिटिंगला टॉनिकचं नाव विचारण्यापेक्षा टाकी कधी भरता ते विचारावं. आणि घरी पाणी साठवायचे ते ड्रम झाका, आठवड्याला एकदा घासून कोरडे करा, डेंग्यूचा डास त्यातच होतो आणि तो ताप ह्या सर्द्यांसारखा सोडून देण्यातला नाही.

आपल्या लहानपणी पोरं आजारी पडत नव्हती म्हणे. १९७१ ला देशात जन्मलेल्या हजार लेकरांमागं १२९ पहिल्या वाढदिवसाच्या आत जात होती, २०२० ला तो आकडा २८ वर आला. आमच्या आत्याबाईंना विचारलं, त्यांना सख्खी भावंडं किती होती, तर म्हणाल्या, "आम्ही सहा," आणि मग भांडं घासता घासता सहज म्हणाल्या, "तसं नऊ, तिघं गोवरात गेली." नंतर मी काही बोलले नाही.

फॉरवर्डमधली एक ओळ मात्र मला पटली, तापलेलं लेकरू शाळेत पाठवू नका. अगदी बरोबर. ताप, उलटी, जुलाब असेल तर घरी, औषधाशिवाय चोवीस तास ताप नसला की पाठवा. नुसतं नाक वाहायलं असेल तर जाऊ द्या, नाहीतर ते शंभर दिवस कुणी घरी बसायचं? पण मग शाळा शंभर टक्के हजेरीचं बक्षीस देतात ते बंद करा की. आमच्याकडं गॅदरिंगला स्टेजवर ट्रॉफी देतात, आणि ती ट्रॉफी घेणारं एक लेकरू डिसेंबरात डोळे लाल, अंग तापलेलं असं बाकावर डोकं टेकून बसलेलं मी स्वतः बघितलंय. त्याच्या आईला दोष कसा देऊ, तिची रोजंदारी बुडली असती.

हे सगळं मी आधी सासरच्या ग्रुपवर टाकलं. अर्ध्या तासानं चुलत दिरांचा एकच मेसेज, "वहिनी, ते टॉनिक मी दोन बाटल्या आणलोय, एक फोडली." मी लिहिलं, बिल असेल तर न फोडलेली परत करून या भाऊजी, आणि त्या पैशांचे अंडे आणा.