ओसीआय कार्ड आणि बांधापलीकडचे 30 गुंठे

आमचा दादा 22 वर्षं न्यूजर्सीत काढून मागच्या वर्षी कायमचा परत आला. तासगावजवळ गाव आमचं. शेजारचे 30 गुंठे विकायला काढलेत कळल्यावर गडी पेटलाच, विसार द्यायला निघाला होता. वकिलाने कागद मागितले तर याने ओसीआय कार्ड काढून ठेवलं, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड. त्यावरचे तीन सिंह बघून काकू म्हणते, "सरकारचंच आहे की!" वकील हसला, म्हणाला काकू, हा आजन्म व्हिसा आहे, साहेब अमेरिकन आहेत. फ्लॅट घ्या, दुकान घ्या, शेतजमीन विकत घेता येणार नाही.

गंमत बघा, काकांच्या वारसाने आलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर याचं नाव आहे, ते चालतं. म्हणजे बांधाच्या अलीकडे शेतकरी आणि पलीकडे परदेशी 😄

माझं म्हणणं एवढंच की नियम असू देत, पण नाव तरी खरं ठेवा ना. 'ओव्हरसीज सिटिझन' म्हणायचं आणि मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी जवळपास नाहीच. 1955 च्या नागरिकत्व कायद्यात सरळ आहे, स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की इथलं आपोआप गेलं. मग हे 'सिटिझन' कुठून आलं? त्यात मार्च 2021 च्या नोटिफिकेशनने पत्रकारिता, संशोधन, अगदी गिर्यारोहणालाही वेगळी परवानगी लागते असं केलं, आणि मेडिकल-इंजिनिअरिंगच्या सीटसाठी ओसीआयवाल्या मुलांना एनआरआयच्या रांगेत ढकललं. सीटच्या बाबतीत, ज्यांची कार्डं त्याआधीची होती त्यांना 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने वाचवलं, बाकीच्यांचं काय ते काय.

मतदान नाही याचं मला काही वाटत नाही हां, पासपोर्ट कुणी जबरदस्तीने घ्यायला लावला नव्हता. पण "आधार कार्ड आहे की माझं" म्हणून दादा भांडत होता तेव्हा वाईट वाटलं, कारण आधार इथे राहणाऱ्याला मिळतं, नागरिक असो नसो.

रस्ता आहे तसा. ओसीआय होऊन 5 वर्षं झालेली आणि अर्जाआधी इथे 1 वर्ष राहिलेला असला की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. पण मग अमेरिकन पासपोर्ट सोडायचा. मुलगी तिकडे बॉस्टनला, नातू दोन महिन्यांचा. वकिलाने हे सांगितल्यावर दादाने कार्ड खिशात घातलं आणि काकूला म्हणाला, चहा टाक.

30 गुंठ्यांना परवा गिऱ्हाईक मिळालं.