डच प्रश्नांत केवळ अदलाबदल पुरेशी नसते

डच शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला वारंवार फिरतो: प्रश्न विचारताना कर्ता आणि क्रियापद यांच्या जागा बदला; अडल्यास इंग्रजी 'डू'सारखे 'दून' वापरा; आणि प्रश्नवाचक शब्दापाठोपाठ नेहमी क्रियापद ठेवा. यातले पहिले विधान अपुरे, दुसरे चुकीचे आणि तिसरे अर्धेच खरे आहे.

'येइ वोन्त इन उत्रेख्त' म्हणजे 'तू उत्रेख्तला राहतोस'. याचा प्रश्न 'वोन येइ इन उत्रेख्त?' असा होतो. म्हणजे जागा तर बदलतेच, शिवाय क्रियापदाच्या शेवटचा 'त'ही गळतो. मात्र 'येइ' किंवा त्याचे हलके रूप 'ये' कर्ता म्हणून क्रियापदानंतर आले, तरच तो गळतो. आदरार्थी 'यू' असल्यास 'वोन्त यू?' असेच विचारावे लागते. 'वोन्त ये ब्रूर इन उत्रेख्त?' यातही 'त' टिकतो, कारण तेथे 'ये' म्हणजे 'तुझा' आणि कर्ता आहे 'ब्रूर', म्हणजे भाऊ. शिवाय ही अदलाबदल प्रश्नांची मक्तेदारी नाही. 'मॉर्खन वेर्क ये ताउस' (उद्या तू घरून काम करतोस) हे साधे विधान आहे; पण वाक्य 'उद्या'ने सुरू झाल्यामुळे कर्ता क्रियापदामागे गेला आणि 'त' गळाला. क्रियापद आधी दिसले की प्रश्न समजा, असे नवशिक्यांना सांगणे म्हणूनच त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

'दून'बद्दल फार बोलण्याची गरज नाही. 'दू ये वेर्कन?' हे प्रमाण डचमध्ये चालत नाही, 'वेर्क ये?' एवढेच पुरते. 'वात दू ये?' (तू काय करतोस?) बरोबर आहे, कारण तेथे 'दून' स्वतःच मुख्य क्रियापद आहे.

तिसरा नियम थेट प्रश्नाला लागू पडतो: 'वार वोन्त हेइ नू?' (तो आता कुठे राहतो?). पण हाच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की क्रियापद शेवटी सरकते: 'इक वेत नीत वार हेइ नू वोन्त'. 'तो आता कुठे राहतो ते मला माहीत नाही' या मराठी वाक्यातही 'राहतो' उपवाक्याच्या शेवटीच आहे, तर इंग्रजीत 'आता' सहसा क्रियापदानंतर येते. त्यामुळे मराठी भाषकांनी असे उपवाक्य इंग्रजीवरून न रचता त्यातले क्रियापद मराठीप्रमाणे शेवटी ठेवून पाहावे.