सरदार व्हायचंय? आधी झगा शिवून घ्या

मंडळी, पन्नाशी आली तरी नावापुढं ना डॉक्टर लागलं ना प्राध्यापक, म्हणून झुरत बसू नका. आता थेट ‘सर’ होता येतंय. आमचा मेव्हणा गेल्या महिन्यात झाला. शाहूपुरीतल्या एका हॉलवर, साडेतीन तासांत, जेवणासकट ‘नाइट टेम्पलर’. नाइट म्हणजे सरदार. मेसनिक म्हणे, म्हणजे फ्रीमेसन नावाच्या, बंद दाराआड विधी करणाऱ्या जुन्या बंधुसंघातलं. फी अकरा हजार. पैसे माझे, उसने.

तुम्हालाही व्हायचं असेल तर ऐका.

झगा पांढरा, त्यावर लाल क्रॉस. मेव्हण्याच्या झग्यावर शिंप्यानं क्रॉस जरा दणकट लावला, त्यामुळं स्टेजवर १०८ ची गाडी उभी राहिल्यासारखं दिसत होतं. चालतंय की.

तलवार मर्दानी खेळाच्या वस्तादांकडनं मागून आणा. कशाला पाहिजे ते मात्र सांगू नका, देणार नाहीत.

पात्रतेचं टेन्शन नको. खऱ्या मेसनांत आधी तीन पायऱ्या चढाव्या लागतात, मग रॉयल आर्च नावाची आणखी एक पायरी, मग कुठं टेम्पलर. इंग्लंडातल्या पद्धतीत तर त्यासाठी ख्रिस्ती असावं लागतं. मेसनांच्या शाखेला लॉज म्हणतात; आमच्या मेव्हण्याला लॉज म्हणजे एसटी स्टँडसमोरचं, एवढंच ठाऊक. तरी झाला. खऱ्या विधीत माणूस यात्रेकरू म्हणून आत येतो, शपथा घेतो, मग त्याला सरदार करतात, आणि हे सगळं बंद दाराआड. आपण दार सताड उघडं ठेवायचं आणि फेसबुकवर लाइव्ह जायचं.

फ्लेक्स मोठा लावा. मागं कुणाचं दुकान झाकतंय ते बघू नका. (माझं फ्रेमिंगचं दुकान दहा दिवस ‘सरां’च्या मिशीमागं होतं.)

आता इतिहास. भाषणाला बाहेरून कुणीतरी आणा आणि त्याला म्हणू द्या, ‘नऊशे वर्षांची अखंड परंपरा!’ टाळ्या पडतात. अखंड! अहो, टेम्पलर म्हणजे क्रुसेडच्या धर्मयुद्धांतले लढवय्ये ख्रिस्ती साधू, त्यांची सुरुवात जेरुसलेमात, साधारण १११९ साली. दारिद्र्याची शपथ घेतलेले लोक. त्यांच्या शिक्क्यावर एका घोड्यावर दोन स्वार. मटण आठवड्यातून तीनदाच, म्हणजे आपलं बुधवार-शुक्रवार-रविवार, इथवर कोल्हापूरकराला जमेल. पण ते जेवायचं गप्प बसून! परवा त्या हॉलात तांबड्याच्या बादलीमागं जी आरडाओरड चालली होती, ती बघून त्यांनी घोडं तिथंच फिरवलं असतं. पुढं फ्रान्सचा राजा चौथा फिलिप त्यांच्या कर्जात बुडाला. फेडायचं सोडून त्यानं १३ ऑक्टोबर १३०७ ला, शुक्रवारी, सावकारांनाच धरून आत टाकलं. १३१२ ला पोपनं संघ मोडला. १३१४ ला त्यांचा शेवटचा प्रमुख जाक द मोले याला पॅरिसात जिवंत जाळलं. संपलं. आणि मेसनांची पहिली ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या लॉजांवरची मोठी संस्था, लंडनमध्ये निघाली १७१७ ला. मोडण्यापासून तिथपर्यंत ४०५ वर्षं होतात राव! टेम्पलर हे नाव मेसनांनी घेतलं ते त्याच्याही नंतर. त्यांच्यातले जाणते स्वतः कबूल करतात की नातं रक्ताचं नाही, नाव घेतलेलं आहे. मुंबईत १८४३ साली भारतीय लोकांसाठी रायझिंग स्टार लॉज काढणारा डॉ. जेम्स बर्न्स, त्यानं त्याआधीच टेम्पलरांचा इतिहास लिहून छापला होता. भाषणात त्याचं नावसुद्धा नाही. खजिना, गुप्त भुयार, जगावर राज्य, हे व्हॉट्सअॅपवरचं तेवढं सगळं आलं.

असो. सर्टिफिकेट फ्रेम करून घ्या. मेव्हण्याचं माझ्याकडंच आलं. काच पुसताना बघितलं तर इंग्रजी ‘नाइट’मधला के गायब. म्हणजे अकरा हजारांत आमचा मेव्हणा सरदार नाही, रात्र झाला.

बास. आता गंमत पुरे.

अरे, लाज नाही वाटत? तुझ्या बापानं चाळीस गळीत हंगाम गुऱ्हाळावर चुलवाणापुढं उभं राहून तुला शिकवलं. त्यांचं नाव सगळा गाव घेतो, त्यांना कुणी झगा घातला नव्हता. तुला तेच नाव अपुरं पडलं? आणि तुम्ही, पहिल्या रांगेत बसून टाळ्या पिटणारे! ‘सर, पुढच्या बॅचला आमचं बघा की,’ असं मी माझ्या कानांनी ऐकलंय. पोरांची क्लासची फी थकवता आणि इकडं रोख मोजता? ज्यांनी हा बाजार मांडलाय ते चोर आहेतच, पण गल्ला तुम्ही भरताय. आमच्याकडं खरे मेसन असतील ते गपचूप आपल्या जागी असतील, हॉल घेऊन बसणार नाहीत.

तलवार मीच परत नेऊन दिली. पातं केकच्या क्रीमनं माखलेलं. वस्ताद काही बोलले नाहीत, धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. मला तिथं उभं राहवेना.

फ्रेम दुकानात तयार आहे, तोंड भिंतीकडं करून ठेवलीय. अकरा हजार अधिक फ्रेमचे साडेआठशे. रोख. ‘दाजी, पुढच्या महिन्यात’ चालणार नाही.